डांबर पडलं मार्चअखेर, जेसीबी आला एप्रिलात

पारावरचा
१८ एप्रिल, रात्री १०:५०

मंडळी, गाव नाशिक जिल्ह्यातलंच, नगरपरिषदेचं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या दुकानात येऊन चहा पीत माझी समजूत घालणारे दोघेतिघे नक्की येतील आणि चहाचे पैसे मलाच द्यावे लागतील.

आमची गल्ली मोजून २४० मीटर. बावीस घरं, एक पिठाची गिरणी, दत्ताचं देऊळ आणि माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. गेली सात-आठ वर्षं नुसती खडी उघडी पडलेली. पावसाळ्यात गिरणीवाल्या मावशी उंबऱ्यात गोणपाट टाकून ठेवायच्या, दळणाला येणाऱ्यांनी पाय पुसावेत म्हणून. शेवटी ३० मार्चला डांबर पडलं. रात्री साडेनऊपर्यंत, हॅलोजन लावून. कुणी कुरकुर केली नाही, उलट मावशींनी मजुरांना पोहे दिले. दुसऱ्या दिवशी पोरांनी खडूनं स्टंप काढले.

आज सकाळी आठला जेसीबी आला. पाण्याची नवी लाईन टाकायची म्हणून. बकेटचा पहिला दात बरोब्बर मधल्या स्टंपावर. (खोटं वाटत असेल तर खाली फोटो टाकलाय, मागे देऊळ दिसतंय.)

डांबराचा थर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटून आला. एक तुकडा उचलला, दुकानातली सहा इंची पट्टी आणली आणि मोजला. एका कडेला १८ मिलिमीटर, दुसऱ्या कडेला १२. खालची बाजू धुळीनं माखलेली. बोट फिरवलं तर पीठ लागावं तशी धूळ लागली. दुपारपर्यंत दोन घरांचे नळ तुटले आणि समोरच्यांचं इंटरनेट गेलं.

मुकादमाला विचारलं, "अहो, हे आधी नसतं का करता आलं?" तो म्हणाला, "शेठ, माझ्याकडं पाण्याची ऑर्डर आहे. रस्त्याचं हापिसात विचारा." हापिसात गेलो. पाणीपुरवठ्याचं टेबल आणि बांधकामचं टेबल, मध्ये एक लोखंडी कपाट. एका टेबलावर म्हणाले, "आमच्या लाईनला मंजुरी गेल्या वर्षीच आलेली आहे." दुसऱ्यावर म्हणाले, "आम्हाला कुणी कळवलं नाही." दोघंही खरंच बोलत असावेत असं वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

प्रश्न दोन. चर बुजवून रस्ता पूर्वीसारखा करून देणं कुणाच्या अंगावर? आणि असं होऊ नये म्हणून कागदोपत्री काही सोय असते, की नसतेच?

सिडकोकर
१८ एप्रिल, रात्री ११:१२

तुमचा रस्ता एकोणीस दिवस तरी टिकला, पार्टी द्या. इथे नाशकात सिंहस्थ २०२७ची कामं निघाली आहेत. सकाळी बायको विचारते, "आज कुठून जाणार?" मी सांगतो, "जिकडं खोदलं नसेल तिकडून." अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम १.१ किलोमीटरचा स्मार्ट रस्ता होत होता, तेव्हा मेहेर चौकातून रोज कोर्टात जाणारा माझा मित्र शेवटी सायकल घेऊन मोकळा झाला. ती सायकल तो अजून वापरतो. स्मार्ट सिटीचा हा एक फायदा मी डोळ्यांनी पाहिला.

स्पष्टवक्ता
१८ एप्रिल, रात्री ११:४०

सगळे टक्केवारीवाले. धागे काढून खड्डे बुजत नसतात.

मोजपट्टी
१९ एप्रिल, सकाळी ७:०५

नगरपरिषदांच्या बांधकाम आणि पाणीपुरवठा विभागांत मिळून एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच याच जिल्ह्यात. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

मार्चमध्ये डांबर टाकलं यात चूक काही नाही. डांबराला ऊन मानवतं. चूक क्रमाची आहे. आधी गटार, मग पाणी, मग केबल, आणि सगळं पोटात घालून झालं की शेवटी डांबर. हे आमच्यातल्या शिपायालाही पाठ असतं. तरी उलटं होतं, कारण पैसा एका दारानं येत नाही. रस्ता राज्याच्या नगरोत्थान योजनेतून किंवा जिल्हा नियोजनच्या निधीतून, पाण्याची लाईन केंद्राच्या अमृत २.० मधून (ही योजना १ ऑक्टोबर २०२१ची), दिवे तिसरीकडून. प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं, तांत्रिक मान्यता वेगळी, निविदा वेगळी, आणि खर्चाची मुदत तर वेगळीच. ज्याची मुदत आधी संपते त्याचा जेसीबी आधी निघतो. नगरपरिषदेच्या स्वतःच्या खिशात म्हणाल तर पगार आणि पंपांचं वीजबिल भागवलं की चिल्लर उरते. नगरपालिकांची जकात १९९९ला गेली, तेव्हापासून गाडा सहायक अनुदानावर आणि घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीवर. त्यामुळे आलेला पैसा परत जाऊ द्यायचा नाही, हा एकच धर्म उरतो.

आता तुमच्या तुकड्याबद्दल. गल्लीबोळात सहसा २० मिलिमीटरचा कारपेट आणि वर सीलकोट असतो. अंदाजपत्रक बघितल्याशिवाय ठाम बोलत नाही, पण २० धरून हिशेब करा. २४० मीटर लांब, रुंदी ४ मीटर धरली तर ९६० चौरस मीटर. २० मिलिमीटर जाडीनं १९.२ घनमीटर. दबलेला माल घनमीटरला साधारण २.३ टन, म्हणजे ४४ टन. दहा टनी डंपरच्या चार पूर्ण खेपा आणि पाचवी अर्धी. त्या रात्री डंपर किती आले, कुणी मोजले का?

आणि खालची धूळ. जुना पृष्ठभाग झाडून, हवा मारून, पातळ डांबराचा टॅककोट द्यायचा असतो. तो दिला नाही तर वरचा थर चादरीसारखा नुसता पसरलेला राहतो. खाली पाणी शिरलं की तो सुटलाच.

पारावरचा
१९ एप्रिल, सकाळी ९:३०

काका, दंडवत. डंपर मी तीन मोजले. पण मध्ये अर्धा तास जेवायला गेलो होतो, तेव्हा अर्ध्या तासाचा फायदा ठेकेदाराला देतो.

खडीक्रशर
१९ एप्रिल, दुपारी १:२०

मी ठेकेदार. शिव्या घालायच्या असतील तर आधी वाचून घ्या.

निविदा निघते तेव्हा अंदाजपत्रकी दराच्या खाली भरायची चढाओढ लागते. मी स्वतः अठरा टक्के बिलोनं कामं घेतली आहेत, क्रशर आणि मशिनरी उभी राहू नये म्हणून. काम झालं की बिल लगेच निघतं असं नाही. एका गावातलं माझं देयक दोन दिवाळ्या बघून निघालं. तोवर डांबर उधार, डिझेल उधार. मग माल कुठंतरी पातळ होतो. समर्थन करत नाही, कसं होतं ते सांगतो.

पण भाऊ, एक गोष्ट तुम्ही कुणीच पकडली नाही. रस्त्याला दोष दायित्व कालावधी असतो. तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा, त्यासाठी त्याची अनामत अडकलेली असते. आता तुमच्या गल्लीत मधोमध चर मारला. उद्या पावसात रस्ता गेला तर रस्त्याचा ठेकेदार काय म्हणेल? "मी दिलेला रस्ता तुम्हीच फोडला." आणि त्याचं म्हणणं कुठलाही अभियंता खोडू शकणार नाही. बारा मिलिमीटरचा पुरावाही त्या चरात गेला. जेसीबी आला त्या दिवशी सगळ्यात शांत झोप कुणाला लागली असेल, विचार करा.

रांगोळी
१९ एप्रिल, दुपारी ३:०५

@खडीक्रशर, हे वाचून पोटात गोळा आला, कारण बरोबर आहे.

मी याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका नगरपरिषदेत या वेळी पहिल्यांदाच निवडून आले. २ डिसेंबर २०२५ला मतदान, २१ला मोजणी, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याआधी कित्येक वर्षं प्रशासक होता. पहिल्या सभेत मी विचारलं, "गावात पाईपलाईन कुठून कुठे जाते त्याचा नकाशा मिळेल का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक जुने सदस्य हसून म्हणाले, "ताई, नकाशा कशाला, वॉलमनला विचारा." मला वाटलं टिंगल करतात. नंतर कळलं, ती माहितीच होती.

प्रभागातले लोक मला दिवे आणि रस्ते मागतात. जमिनीखालचं काही मागायला अजून एकही माणूस आलेला नाही. नारळ फोडायला रस्ताच बरा पडतो, पाईपवर कुठे फोडणार?

चावीवाल्याची_लेक
१९ एप्रिल, रात्री ९:४५

बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, हा पहिलाच प्रतिसाद. फोटोतलं देऊळ ओळखलं. गावाचं नाव मीही लिहीत नाही.

माझे बाबा त्याच गावात तेहेतीस वर्षं वॉलमन आहेत. पहाटे साडेचारला सायकलला ती लांब टी-आकाराची चावी बांधून निघतात. कुठल्या वॉलला किती फेरे, हे त्यांच्या हाताला माहीत आहे. गिरणीपाशी सव्वाआठ, दत्तापाशी साडेअकरा. त्याहून जास्त उघडला तर वरच्या आळीला पाणी चढत नाही आणि सकाळी सहाला आमच्या दारात बायका उभ्या. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे. ते चावी वॉलवर टेकवायचे, दांड्याचं टोक कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "इथं नाही, पुढं कण्हतंय." पुढे वीसेक पावलं गेलं की पुन्हा कान. एकदा मलाही लावू दिला. शिंपल्यात ऐकू येतं तसंच, पण मध्येच बारीक शीळ. ती शीळ म्हणजे गळती.

गावाखाली तीन पिढ्यांचे पाईप आहेत. सगळ्यात जुने बिडाचे, मग सिमेंटचे, मग पीव्हीसी. कुठं कोणता जोडलाय, कुठं जुनी लाईन नुसती बूच मारून सोडून दिलीय, हे फक्त बाबांना आणि एका मुकादमांना ठाऊक होतं. मुकादम गेले. बाबा येत्या ३० जूनला निवृत्त होतात.

१८ तारखेला जेसीबी आला तेव्हा बाबांना कुणी बोलावलंच नाही. काम ठेकेदाराचं, म्हणून. दोन नळ तुटल्यावर बोलावलं. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चार फूट डावीकडनं गेले असते तर काहीच तुटलं नसतं."

सिडकोकर
१९ एप्रिल, रात्री १०:०२

पार्टीबिर्टी मागे घेतो. ताई, लिहीत राहा.

जंक्शनवाला
२० एप्रिल, सकाळी ८:१५

मी मनमाडचा. आमच्याकडे रस्त्याआधी पाण्याची गोष्ट निघते. पालखेडच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी वागदर्डी धरणात घ्यायचं आणि पुढचं आवर्तन येईपर्यंत पुरवून पुरवून वापरायचं. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी येणं आमच्या पिढीनं नेहमीचं म्हणून जगलंय. लग्नाची तारीख काढताना आधी पाण्याची पाळी बघायची, हा विनोद नव्हे. म्हणून करंजवणहून थेट जलवाहिनीची योजना आली तेव्हा रस्ते फुटले तरी लोक फारसे बोलले नाहीत. येवल्यालाही पालखेडचंच पाणी, त्यांचा साठवण तलाव.

सांगायचं ते असं, की ज्या गावात पाणी रोज येतं त्याला पाईप दिसत नाही. आमच्याकडे गल्लीतलं पोरगंही सांगेल लाईन कुठून गेलीय, कारण पाणी येतं त्या रात्री त्याच लाईनीवर सगळे टुल्लू (पाणी ओढायचा छोटा पंप) लावून बसलेले असतात. (टुल्लू लावू नये, मान्य. पण आधी पाणी द्या.)

मोजपट्टी
२० एप्रिल, सकाळी ९:५०

भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्या गावात ७० लिटर, या निकषावर आमच्या योजना आखल्या जायच्या. कागदावर पाणी पुरायचं. गळती कागदावर वाहत नाही.

चावीवाल्याच्या लेकीनं लिहिलेलं अगदी खरं आहे. मी नवीन असताना एका वॉलमननं मला चर मारायची जागा पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढून दाखवली होती. नकाशात त्याच जागेवर मोकळी जमीन होती.

पारावरचे, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बाहेरच्या कंपनीनं केबलसाठी रस्ता फोडला तर तिच्याकडून पुनर्स्थापना शुल्क आधी भरून घेतात. नगरपरिषदेचाच दुसरा विभाग फोडतो तेव्हा घरचं काम म्हणून असं काही भरलं जात नाही. पण पाण्याच्या अंदाजपत्रकात "रस्ता पूर्ववत करणे" अशी बाब धरलेली असते, मीटरच्या आकड्यासकट. ती आहे का बघा. असेल तर चर बुजवून डांबर करणं हे पाईपच्या ठेकेदाराचं काम, आणि त्याचे पैसे त्याला मिळणार आहेत. बहुतेक ठिकाणी माती लोटून निघून जातात आणि बाब मात्र मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) चढते.

बुजवतानाही समोर उभे राहा. सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, म्हणजे ठोकून दाबणं. एकदम तीन फूट माती लोटली तर पहिल्या पावसात चर बसणार, देव आला तरी बसणार. विशेषतः तुमच्याकडं काळी माती असेल तर ती परत त्यात घालू देऊ नका, मुरूम मागा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर नाचतं.

घाटमाथा
२० एप्रिल, सकाळी ११:३०

इगतपुरीतून. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिकडे नांदगाव-येवल्याला पाचशे-सहाशेच्या आसपास. जिल्हा एक, गल्लीतला २० मिलिमीटरचा कारपेटही तोच. आमच्याकडे डांबर म्हणजे हंगामी पीक.

कोर्टफी
२० एप्रिल, रात्री ८:२०

वकिली करतो, म्हणून कायद्याचं थोडक्यात.

नगरपरिषदांचा कायदा १९६५चा. त्याच्या कलम ४९ मध्ये रस्ते, दिवे, गटारं, पाणी ही बंधनकारक कर्तव्यांच्या यादीत आहेत. निधी आला तर करू, असल्या मेहेरबानीच्या यादीत नाहीत.

तुमच्या प्रकरणात भांडण्याआधी कागद बघा. माहिती अधिकारात झेरॉक्स मागत बसू नका, अभिलेखाचं अवलोकन मागा. कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही त्या कायद्यात आहे, तुमचा तो डांबराचा तुकडा सांभाळून ठेवा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, म्हणून रस्त्याचा एक आणि पाण्याचा एक असे दोन करा. प्रत्येकावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तराला तीस दिवस. नाही आलं तर पहिलं अपील, वीस रुपये. अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो, त्यामुळे जाताना काय बघायचं ते लिहूनच जा: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, आणि फाईलच्या डाव्या बाजूची टिपणी, म्हणजे हापिसातल्यांनी लिहिलेले शेरे. खरी गोष्ट टिपणीत असते.

अजून एक, कुणाच्या उपयोगाला येऊ नये पण माहीत असावं. १३ ऑक्टोबर २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचे आदेश दिले आहेत. नगरपरिषदांनाही ते लागू आहेत.

स्पष्टवक्ता
२० एप्रिल, रात्री ८:४१

दहा रुपयांच्या तिकिटावर रस्ता होत असता तर…

प्रकाटाआ, प्रतिसाद काढून टाकला आहे. (वरची ताई आणि काका काय लिहितायत ते आत्ता नीट वाचलं.)

पारावरचा
११ मे, रात्री ११:१५

मंडळी, अर्ज २१ तारखेलाच दिले होते. ८ मेला पत्र आलं, आज जाऊन दोन्ही फाईली बघितल्या. लिहायला हात वळत नाहीये, पण लिहितो.

फाईली त्याच लोखंडी कपाटात होत्या. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात रस्ता.

पाण्याच्या अंदाजपत्रकात "रस्ता पूर्ववत करणे" ही बाब आहे. आमच्या गल्लीला २४० मीटर लांब, ०.६ मीटर रुंद. काका, तुमचं बोट बरोबर तिथेच पडलं. ती पुस्तिकेत अजून चढलेली नाही. त्या पानाचा उतारा मी रीतसर मागितलाय.

रस्त्याच्या पुस्तिकेत जाडी सरसकट २० मिलिमीटर. ठीक.

आता टिपणी. गेल्या ऑगस्टातली, रस्त्याच्या फाईलीत, निळ्या शाईत: "सदर गल्लीत नवीन जलवाहिनी प्रस्तावित असल्याने डांबरीकरणाचे काम तूर्त प्रलंबित ठेवावे." खाली सही. म्हणजे "आम्हाला कुणी कळवलं नाही" हे खोटं होतं. मी खुर्चीत सावरून बसलो. वाटलं, सापडला.

पुढचं पान उलटलं तर ऑक्टोबरातलं निवेदन. "आचारसंहिता लागण्यापूर्वी आमच्या गल्लीचे डांबरीकरण तातडीने मंजूर करावे, अन्य कामांच्या कारणाने ते लांबवू नये." खाली गल्लीतल्या एकोणीस जणांच्या सह्या. तिसरी सही माझी.

मजकूर मीच टाईप करून दिला होता. झेरॉक्सही माझ्याच मशीनवरचं, त्या मशीनचा ड्रम खराब आहे, उजव्या कडेला उभी काळी रेघ येते. ती रेघ बघूनच मी सहीच्या आधी कागद ओळखला. "अन्य कामांच्या कारणाने" हे शब्द तेव्हा शेजाऱ्यांनी घालायला लावले होते. मी विचारलं नाही, कुठली अन्य कामं. आठ वर्षं खडीत काढली होती, विचारायचं मनातही आलं नाही. लिपिक समोर बसले होते. काही बोलले नाहीत, पंख्याचं बटण तेवढं वाढवलं.

मोजपट्टी
१२ मे, सकाळी ६:४०

अशी निवेदनं माझ्या प्रत्येक फाईलीत होती. लोकांना दोष देत नाही. पण "थांबवा" लिहिणाऱ्या लिपिकाच्या पाठीशी कुणीच नसतं, तेही खरं. तुम्ही ते इथे लिहिलंत, फार कमी लोक लिहितात. आता त्या ०.६ मीटरच्या मागे लागा.

खडीक्रशर
१२ मे, सकाळी १०:१०

भाऊ, एक सुचवतो. पाईपवाला चरावर पट्टी मारायला येईल तेव्हा कडा कटरनं सरळ चौकोनी कापायला लावा. वेड्यावाकड्या कडेला डांबर धरत नाही. आणि कडांना आतून डांबर चोपडलं की नाही बघा. हे मी सांगितलं म्हणून सांगू नका.

रांगोळी
१२ मे, दुपारी १२:३०

आमच्या पुढच्या सभेसाठी मी विषय दिलाय: कुठल्याही रस्त्याचा कार्यादेश देण्याआधी पाणी, गटार, वीज आणि केबल या चौघांची "खोदाई नाही" अशी सही फाईलीत हवी. केबल कंपन्यांसाठी "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप २०२३च्या मार्चमध्येच आलंय म्हणे, आमच्या हापिसात ते कुणाच्याच मोबाईलवर नव्हतं. विषय मंजूर होईल का ठाऊक नाही. एका सदस्यांनी आत्ताच फोन करून विचारलं, "ताई, मग आपले रस्ते अडकतील ना?"

चावीवाल्याची_लेक
२ जून, रात्री ९:२०

थोडं कळवायचं होतं. पारावरचे दादा मागच्या रविवारी आमच्या घरी आले, दुकानातलं ड्रॉइंगशीटचं बंडल घेऊन. बाबा आधी म्हणाले, "मला चित्र येत नाही." मग दादांनी गावातल्या गल्ल्या पेन्सिलीनं आखल्या आणि बाबा नुसतं बोट ठेवत गेले. तीन संध्याकाळी लागल्या. बिडाची लाईन काळी, सिमेंटची हिरवी, पीव्हीसी निळी. बूच मारलेल्या टोकांवर फुली. एकूण ६४ वॉल निघाले, त्यातले नऊ डांबराखाली गाडले गेलेत. प्रत्येक वॉलपुढे बाबांनी फेरे लिहायला लावले.

मग त्यांनाच हुरूप आला. घरातला उरलेला लाल ऑइलपेंट घेऊन रोज पहाटे पाणी सोडल्यावर कंपाउंडच्या भिंतींवर खुणा करत सुटलेत. बाण, आणि भिंतीपासून किती फूट. आईनं विचारलं, लोक ओरडले तर? म्हणाले, "पेंट पुसायला लागतं टर्पेंटाइन. ते कोण विकत आणतंय."

सिडकोकर
२ जून, रात्री ९:३१

+१००. वाखुसा, वाचनखूण साठवली.

पारावरचा
१९ जून, रात्री १०:०५

पहिला मोठा पाऊस झाला. नोंद म्हणून लिहितो.

चर २६ मेला बुजवला. मी आणि गिरणीवाल्या मावशी दोघं उभे होतो. मुरूम आला, धुम्मस झाली, पण थर सहा इंचाचे नव्हते, फूटभराचे होते. मावशी दोनदा म्हणाल्या, "अरे ए, पाणी मार की रे," तेव्हा टँकर आला. कडा कटरनं कापल्या. डांबराची पट्टी ३० मेला पडली. या वेळी पट्टीनं मोजायला मुकादमानंच जागा करून दिली. २१ मिलिमीटर.

नकाशाची एक प्रत आवक-जावकमध्ये देऊन शिक्का घेतलाय. उजव्या कडेला माझ्या मशीनची काळी रेघ आहेच.

आज सकाळी बघितलं तर बाकी सगळं शाबूत, पण गिरणीसमोर चर थोडा बसलाय. तिथं पाण्याचं छोटं डबकं.

मोजपट्टी
१९ जून, रात्री १०:२०

किती लांबी, किती खोल?

पारावरचा
१९ जून, रात्री १०:४८

आत्ताच टॉर्च घेऊन जाऊन आलो. लांबी सहा फूट, मधोमध खोली पावणेदोन इंच. सहा इंची पट्टी पुरेना म्हणून मावशींकडून शिवणकामाचा टेप आणला. त्या म्हणतात, ओला करून परत देऊ नकोस. चावीवाले काका उद्या पहाटे तिथे कान लावणार आहेत, माती बसलीय की खालून पाईप गळतोय ते बघायला.